शाळा गुरांमागे नेणाऱ्या ताराबाई मोडक

आज गावोगाव अंगणवाडी आहे. पण ही कल्पना आणि हे नाव आलं डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावातून. त्यामागे होत्या ताराबाई मोडक.

१८९२ साली जन्मलेल्या ताराबाई १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. त्या काळात बाईमाणसासाठी ही लहान गोष्ट नव्हती. पुढं संसार टिकला नाही. लहान मुलीला घेऊन त्या नोकरीसाठी राजकोटला गेल्या, तिथून भावनगरला. तिथं गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं. १९३६ मध्ये मुंबईत दादरला शिशुविहार उभा राहिला. नाव झालं, पण ही शाळा पडली शहरातल्या, ऐपतीच्या घरांची.

म्हणून १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला आल्या. सोबतीला अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण दलित वस्तीतली पोरं काही येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पोरांना आंघोळ घालायची, नखं काढायची, केस विंचरायचे आणि मग गाणी-गोष्टी. महागडी साधनं गावाला कुठून परवडणार? शंख-शिंपले, खडे, पानं, बिया यांवरच पोरं मोजायला शिकली.

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथं वारली समाजाची वस्ती. इथली अडचण वेगळीच होती. थोरलं पोरगं गुरं राखायला रानात, पोरगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरात. आईबाप मजुरीला. पोरं शाळेत पाठवली तर गुरं कोण बघणार, असा साधा हिशेब होता आणि तो खोटाही नव्हता.

ताराबाईंनी आईबापांना दोष दिला नाही. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली. धाकटं पाळण्यात, थोरली शेजारच्या वर्गात. हीच विकासवाडी. गुराख्यांसाठी तर शिक्षकच कुरणात जाऊ लागले. गुरं चरतायत, पोरं झाडाखाली शिकतायत. तिला कुरणशाळा म्हणत. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्गही होते.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ ला, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना अंगणवाडी याच नावानं देशात सुरू झाली. ते बघायला ताराबाई नव्हत्या. कोसबाडचं काम अनुताईंनी पुढं १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटच्या श्वासापर्यंत चालवलं.