मित्तर बेदी : यंत्रांच्या गर्दीतील माणूस

कारखान्याची चिमणी, पाईप, लोखंडी तुळया यांतही सौंदर्य असते, हे साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात वाढूनही मला कधी जाणवले नव्हते. मित्तर बेदी यांची कृष्णधवल छायाचित्रे पाहिली आणि ते प्रथमच दिसले.

बेदींचा जन्म १९२६ साली लाहोरला झाला. कर्मभूमी मात्र मुंबई. प्रारंभी ते चित्रपटांच्या प्रसिद्धीचे काम करीत. १९५९ मध्ये तेल व पोलाद उद्योगांचे छायाचित्रकार आर्थर डार्झियन यांची भेट झाली आणि त्यांच्या जीवनाला निराळे वळण लागले. तो पंचवार्षिक योजनांचा काळ होता. देशात पोलादाचे, खतांचे, विजेचे प्रकल्प उभे राहात होते. पुढील पंचवीस वर्षांत बेदींनी अशी दोन हजारांहून अधिक कामे केली. तारापूरचे अणुवीज केंद्रही त्यांनी टिपले. मुंबईच्या के. सी. महाविद्यालयात त्यांनी छायाचित्रणकला शिकवली. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रांत भूमितीच बोलते. समांतर नळ, तिरक्या शिड्या, टाक्यांची वर्तुळे, आणि त्यांत काळ्या-पांढऱ्याचा कडक विरोध. रंग नसल्याने नजर सरळ आकारावर जाते. या अवाढव्य रचनेत कुठेतरी कामगार उभा असतो, मुंगीएवढा.

इथे माझे मन अडखळले. माझे वडील कारखान्यात गव्हाणीवर काम करतात. हंगामात रात्रपाळी करून ते पहाटे घरी येतात, तेव्हा अंगाला मळीचा वास असतो. असा माणूस चित्रात केवळ यंत्राची उंची दाखविण्यापुरताच का? ही चित्रे बहुधा कंपन्यांनी काढवून घेतलेली. त्यांना कामगाराचे नाव नको होते, हेही खरेच.

पण मी तोच कामगार बोटाने झाकून पाहिला. चित्रातील टाकी एकदम डब्याएवढी वाटू लागली! मोठेपणाचे माप त्या लहान माणसाजवळ होते. तो नसता तर सारी भूमिती निर्जीव ठरली असती.

म्हणून बेदींविषयी आदर वाटतो, आणि एक तक्रारही उरते. त्यांनी यंत्रयुगाचे रूप दाखविले. त्या माणसाचा चेहरा जवळून टिपणे आपल्या पिढीकडे राहिले आहे. या कलावंतास माझे विनम्र अभिवादन.

— द्वितीय वर्ष, कला