उषाबेन मेहता आणि गुप्त नभोवाणी

इ. स. १९४२ साली मुंबई शहरात एक लहानसे बिनतारी यंत्र सुमारे अडीच महिने बोलत होते. त्याला ठावठिकाणा नव्हता. आज ते एका चाळीत असे, तर काही दिवसांनी दुसऱ्याच बंगल्यात. सरकारचे पोलीस त्याचा माग काढीत गल्लोगल्ली हिंडत. त्या यंत्राच्या मागे जी मंडळी उभी होती, तींत बावीस वर्षांची एक विद्यार्थिनी होती. उषाबेन मेहता हे तिचे नाव. तिचे चरित्र मुलामुलींनी वाचावे अशा योग्यतेचे आहे.

उषाबेनांचा जन्म २५ मार्च १९२० रोजी सुरतेजवळील सरस ह्या खेड्यात झाला. त्यांचे वडील इंग्रज सरकारच्या नोकरीत न्यायाधीश होते. अगदी लहानपणी, पाच वर्षांच्या असताना, त्यांना अहमदाबादच्या आश्रमात महात्माजींचे दर्शन घडले. पुढे १९२८ साली सायमन कमिशनवर बहिष्काराची चळवळ झाली, तेव्हा आठ वर्षांची ही मुलगी मिरवणुकीत सामील झाली. सरकारी नोकरीतल्या पित्यास आपल्या कन्येने ह्या भानगडीत पडावे असे साहजिकच वाटत नव्हते. परंतु १९३० साली ते निवृत्त झाले व १९३२ साली सर्व कुटुंब मुंबईस राहावयास आले. उषाबेनांस मग मोकळीक मिळाली. मॅट्रिकची परीक्षा उत्तम रीतीने उतरून त्यांनी विल्सन कॉलेजात नाव घातले. डॉ. जॉन विल्सन ह्या स्कॉटिश मिशनऱ्याने लावलेले हे विद्येचे रोपटे मुंबईच्या चौपाटीसमोर आजही उभे आहे. तेथून १९३९ साली तत्त्वज्ञान हा विषय घेऊन त्या पदवीधर झाल्या आणि कायद्याचा अभ्यास करू लागल्या.

८ ऑगस्ट १९४२ रोजी गवालिया टँकच्या मैदानावर छोडो भारतचा ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी उजाडण्यापूर्वीच सर्व पुढारी गजाआड गेले. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. कोणत्या गावी काय घडले, हे शेजारच्या जिल्ह्यासही कळेनासे झाले. आपल्या विदर्भातच पाहा. त्याच महिन्याच्या १६ तारखेस चिमूर व आष्टी येथे लोकांचा क्षोभ झाला, गोळीबार झाला, आणि त्यानंतर गावकऱ्यांवर जो जुलूम झाला त्याची खरी हकीकत छापण्याची सोय उरली नाही. अशा वेळी बातमी पोहोचविणे हीच मोठी सेवा आहे, असे उषाबेनांच्या मनाने घेतले. छापखान्यावर पोलिसांची धाड पडते, हस्तपत्रके वाटेत पकडली जातात. परंतु आकाशातून जाणारा शब्द कोणास अडविता येत नाही.

परंतु ही गोष्ट बोलण्याइतकी सोपी नव्हती. महायुद्ध सुरू होताच, १९३९ सालीच, हौशी बिनतारीवाल्यांचे परवाने सरकारने रद्द केले होते. तेव्हा ध्वनिक्षेपणाचे यंत्र बाळगणे हाच गुन्हा होता. उषाबेनांस सोबती मात्र खंबीर मिळाले. बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी व चंद्रकांत झवेरी हे त्यांतील प्रमुख होत. शिकागो रेडिओ ह्या प्रसिद्ध पेढीचे नानक मोटवानी ह्यांच्याकडून सामग्रीचे साह्य झाले. यंत्र जुळविण्याचे काम नरिमन प्रिंटर ह्या हौशी बिनतारीतज्ज्ञाने केले. २७ ऑगस्ट १९४२ रोजी ४२.३४ मीटर ह्या लहरीवर काँग्रेस रेडिओचा आवाज उमटला. विशेष हे की, ही लहर हौशी मंडळींच्या ४० मीटरच्या पट्ट्यातलीच आहे.

त्या काळचे असले यंत्र म्हणजे काय, हे आजच्या मुलांस सांगितले पाहिजे. त्याचा जीव काचेच्या व्हॉल्व्हमध्ये असे. हवा काढून टाकलेल्या काचेच्या नळीत एक तंतू तापून लाल होतो. त्यापासून विजेचे सूक्ष्म कण निघून समोरच्या धातूच्या पत्र्याकडे धावतात. ह्या पत्र्यास प्लेट म्हणतात. मध्ये तारेची जाळी असते. जाळीवरचा विजेचा दाब किंचित कमीजास्त केला की कणांचा मोठा ओघ तसाच कमीजास्त होतो. अशा रीतीने क्षीण स्पंदन बलवान होते, म्हणून ह्या रचनेस ॲम्प्लिफायर म्हणजे वर्धक म्हणतात. फ्लेमिंगने १९०४ साली दोन अंगांचा व्हॉल्व्ह केला आणि डी फॉरेस्टने १९०६ साली त्यात तिसरे अंग घातले. त्यातूनच ही सर्व विद्या वाढली.

व्हॉल्व्ह जितका गुणी तितकाच नाजूक. तंतू तापण्याच्या आधी प्लेटवर शेकडो व्होल्टांचा दाब एकदम सोडू नये, असा नियम आहे. आधी तंतू तापू द्यावा, मग दाब द्यावा. एरियल जोडल्यावाचून यंत्र चालवू नये. कारण जी शक्ती आकाशात जावयाची ती यंत्रातच अडकते आणि प्लेट तापून लाल होते. मागच्या टप्प्यातील स्पंदन मध्येच थांबले तर पुष्कळ यंत्रांत जाळीवरचा आवर नाहीसा होतो व कणांचा पूर बेफाम वाहून व्हॉल्व्ह काही क्षणांत निकामी होतो. म्हणून जाणता मनुष्य मीटरच्या काट्यावरून नजर हलवीत नाही. कंडेन्सर फिरविता फिरविता काटा जेथे सर्वांत खाली उतरतो, तेथे यंत्र लहरीशी जुळले असे तो समजतो. ह्याशिवाय प्रत्येक वाटेवर फ्यूज घालतात. ओघ मर्यादेबाहेर गेला की ती लहानशी तार स्वतः वितळते आणि मोलाचा भाग वाचवते.

यंत्र मुके झाले तर घाबरून सगळेच उकलू नये. आधी वीज येते की नाही ते पाहावे, मग फ्यूज पाहावा, मग तंतू तेवतो की नाही ते पाहावे, आणि त्यानंतर एकेक टप्पा क्रमाने तपासावा. नळीच्या आतील चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला असे समजावे. आणखी एक गोष्ट जीवावरची आहे. वीज बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये दाब साठून राहतो. तो दांडीने जमिनीस लावून उतरविल्यावाचून आत हात घालणे म्हणजे मृत्यूस आमंत्रण देणे होय.

आता असे यंत्र दर काही दिवसांनी उचलून नेणे किती कठीण असेल ते ध्यानात येईल. पोलिसांकडे दिशा शोधणारी यंत्रे होती. ध्वनी कोणत्या दिशेने येतो हे दोन ठिकाणांहून पाहिले की, त्या दोन रेषा जेथे छेदतात तेथे क्षेपणयंत्र असणार हे उघड होते. म्हणून एका जागी फार दिवस राहणे घातक होते. चौपाटी, वाळकेश्वर, लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, महालक्ष्मी, गिरगाव अशी ह्या नभोवाणीची वस्ती फिरत राहिली. नवे घर म्हणजे नवी एरियल, आणि नवी एरियल म्हणजे सर्व जुळणी पुन्हा पहिल्यापासून. ह्या लहरीस साजेशी अर्ध्या लहरीची तार सुमारे २० मीटर लांब असावी लागते. ती शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर न येता बांधावयाची! त्यात मुंबईचा पावसाळा. भाषणे एका गुप्त जागी तबकड्यांवर घेत आणि दुसऱ्या जागेहून प्रक्षेपित करीत. आरंभी दिवसातून दोनदा कार्यक्रम होत; पुढे धोका वाढला तेव्हा फक्त संध्याकाळी ७॥ ते ८॥ पर्यंत तो होऊ लागला. डॉ. राममनोहर लोहिया ह्यांचे विचार ह्याच मार्गाने लोकांपुढे गेले. चितगावावरचा बाँबहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आपल्या चिमूर-आष्टीची करुण कहाणी ह्या नभोवाणीने देशास ऐकविली.

यंत्राच्या रक्षणास फ्यूज असतो, परंतु मनुष्याच्या फितुरीवर फ्यूज नाही. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी बाबूभाईंच्या कचेरीवर छापा घातला. संकट दाराशी आले हे उषाबेनांस कळले. पळून जाण्यास अवकाश होता. तरीही त्या संध्याकाळचा कार्यक्रम चुकवावयाचा नाही, असे ठरवून त्या व चंद्रकांत झवेरी गिरगावच्या पारेखवाडीत गेल्या जागी दाखल झाले. इकडे यंत्र जाणणाऱ्यांपैकीच एकाकडून पोलिसांस जागेचा सुगावा लागला होता. कार्यक्रम संपत आला, वंदे मातरम् ची तबकडी वाजू लागली, आणि दारावर घाव बसले. दार फोडून पोलीस आत शिरले. तबकडी थांबविण्याचा त्यांचा हुकूम उषाबेनांनी मानला नाही.

पुढचे सहा महिने त्यांस एकांतात ठेवून चौकशी करण्यात आली. सोबत्यांची नावे सांग, परदेशी शिक्षणास पाठवितो, असे आमिष दाखविण्यात आले. उषाबेनांनी तोंड उघडले नाही. खटल्यात त्यांनी न्यायाधीशास इतकेच विचारले की, प्रश्नांची उत्तरे देणे मजवर बंधनकारक आहे काय? नाही, असे समजताच त्या संपूर्ण मौन धरून राहिल्या. १९४३ साली निकाल लागला. बाबूभाईंस पाच वर्षांची, उषाबेनांस चार वर्षांची व चंद्रकांतांस एक वर्षाची शिक्षा झाली; विठ्ठलदास व मोटवानी निर्दोष सुटले. येरवड्याच्या तुरुंगात उषाबेनांची प्रकृती ढासळली. १९४६ च्या मार्च महिन्यात त्यांची सुटका झाली. आजारपणामुळे १९४७ सालच्या स्वातंत्र्याच्या सोहळ्यास त्या जाऊ शकल्या नाहीत.

सुटका झाल्यावर अधिकाराच्या जागेकडे त्या वळल्या नाहीत. महात्माजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर प्रबंध लिहून त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि ज्या विल्सन कॉलेजात शिकल्या, तेथेच तीस वर्षे अध्यापन केले. मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकविण्याचे कामही त्यांनी पाहिले व १९८० साली त्या निवृत्त झाल्या. खादी हाच त्यांचा पोशाख राहिला. मणिभवनाच्या गांधी संग्रहालयाची धुरा त्यांनी वाहिली. १९९८ साली भारत सरकारने त्यांस पद्मविभूषण दिले. ९ ऑगस्ट २००० रोजी अंगात ताप असतानाही त्या क्रांतिदिनाच्या सोहळ्यास गेल्या, आणि दोनच दिवसांनी, ११ ऑगस्ट रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

विद्यार्थिमित्रहो, हौशी बिनतारीची विद्या आज तुमच्यासाठी मोकळी आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींस परीक्षा देऊन भारत सरकारचा परवाना मिळतो, आणि मग वाशीमच्या आपल्या घरातून दूरदूरच्या माणसांशी बोलता येते. परीक्षेस बसाल तेव्हा मीटर पाहणे, फ्यूज घालणे, क्रमाने दोष शोधणे हे सर्व शिकालच. त्यास फार दिवस लागत नाहीत. परंतु यंत्र कोणासाठी बोलते, आणि ते बंद पडल्यावरही दिलेला शब्द पाळावयाचा कसा, हे शिकण्यास उषाबेनांसारख्यांच्या आयुष्याकडेच पाहावे लागते. सहा महिने एकांतात राहूनही ज्यांनी एक नाव उच्चारले नाही, त्यांच्या त्या मौनामुळे कित्येक घरांतील माणसे सुखरूप राहिली. नभोवाणी बंद झाल्यावर त्यांनी देशाची केलेली ही सेवा पहिलीहून कमी खचितच नव्हे.