पडक्या गिरणीत माल वर चढवायचा होता, त्यातून लिफ्टचा ब्रेक जन्माला आला

पुण्यातून सातारा रस्त्याला लागलं आणि कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की शिंदेवाडी येते. इथून भोर तालुका सुरू. पुढे वेळू, नसरापूरपर्यंत गोडाऊन आणि कारखान्यांची रांगच आहे.

अशा इमारतींत पोती, खोकी वर न्यायला मालाची लिफ्ट असते. नवी असेल तर फारसा विषय नाही. पण कुठल्याही जुन्या, वाऱ्यावर सोडलेल्या इमारतीत तिचा अवतार बघा. चार अँगलचा पिंजरा, वर मोटर, एक गंजलेला वायररोप. बाहेर माणसांना मनाई असल्याची पाटी आणि आत पोत्यांशेजारी उभा असलेला माणूस.

रोप तुटला तर?

या प्रश्नाचं उत्तर शोधणारा माणूस म्हणजे एलिशा ग्रेव्हज ओटिस.

जन्म ३ ऑगस्ट १८११, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या हॅलिफॅक्स गावचा. घरची शेती. पण पठ्ठ्याचा जीव यंत्रात. त्याने मालगाड्या हाकल्या, पिठाची गिरणी काढली, ती चालेना म्हणून तिथेच लाकूड कापायला घेतलं, तेही जमेना म्हणून घोडागाड्या बनवल्या. पहिली बायको लवकर गेली, पदरात दोन मुलं. मग ऑल्बनी शहरात पलंगांच्या कारखान्यात नोकरी. पुढे स्वतःचा छोटा कारखाना टाकला, तर ज्या ओढ्यावर तो चालायचा त्याचं पाणी शहराने वळवलं. धंदा बसला.

चाळिशीत तो न्यूयॉर्कजवळच्या याँकर्समध्ये आला. काम काय, तर एका बंद पडलेल्या लाकडाच्या गिरणीचा पलंगांचा कारखाना करायचा. सामान वरच्या मजल्यावर चढवायला पाळणा हवा होता. पाळणे तेव्हाही होते, पण दोर तुटला की माल आणि माणूस दोन्ही खाली.

भोर-वेल्ह्यातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी मोट हाकलीय, त्यांना हे वेगळं सांगायला नको. नाडा तुटला की मोट थेट विहिरीत.

१८५२ च्या सुमारास ओटिसने यावर तोड काढली, ती घोडागाडीच्या कामातून. गाडीखाली असतो तसला कमानीचा पाटा त्याने पाळण्याच्या माथ्यावर बसवला आणि दोर त्या पाट्याला बांधला. वजनाने दोर ताणलेला असेपर्यंत पाटा वाकलेला राहायचा. दोर तुटला की पाटा सरळ व्हायचा आणि त्याची टोकं दोन्ही बाजूंच्या दातेरी खांबांत अडकायची. पाळणा जागीच थांबायचा. ना वीज, ना मोटर.

सप्टेंबर १८५३ मध्ये त्याच्या पहिल्या दोन लिफ्ट विकल्या गेल्या. दोन्ही मालाच्याच, प्रत्येकी ३०० डॉलर. मग गिऱ्हाईक आटलं. म्हणून १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात तो स्वतः उंच पाळण्यावर उभा राहिला आणि गर्दीसमोर दोर कापायला लावला. पाळणा काही इंच घसरला आणि थांबला. ऑर्डरी यायला लागल्या. २३ मार्च १८५७ ला ब्रॉडवेवरच्या पाच मजली हॉवट दुकानात त्याची माणसांची लिफ्ट सुरू झाली.

पण या ब्रेकला मर्यादा होती. दोर सैल पडला तरच तो लागायचा. दोर शाबूत आहे पण पाळणा सुसाट खाली येतोय, अशा वेळी त्याचा उपयोग नाही. म्हणून आजच्या लिफ्टमध्ये वेग मोजणारा गव्हर्नर असतो. वेग ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की तो रुळांना पकडणाऱ्या पाचरी आवळतो. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, तर या पाचरी धूळ आणि ग्रीसमध्ये चिकटून बसतात. दाराचं तर वेगळंच. स्विचला वायरचा तुकडा जोडून ठेवला की दार उघडं असतानाही लिफ्ट चालते, आणि थेट खड्ड्यात पडणाऱ्याला ओटिसचा ब्रेकही वाचवू शकत नाही.

आपल्याकडे मुंबई इलाख्यात लिफ्टचा कायदा आला १९३९ मध्ये. तेव्हा भोर पंतसचिवांचं संस्थान होतं, त्यामुळे तो तिथे लागूच नव्हता. आता अख्ख्या महाराष्ट्राला २०१७ चा कायदा आहे, त्यात लिफ्टला परवाना लागतो आणि तपासणीही होते.

ओटिसला मात्र पैसा बघायला मिळाला नाही. वाफेवरच्या लिफ्टचं पेटंट त्याला जानेवारी १८६१ मध्ये मिळालं आणि ८ एप्रिलला घटसर्पाने तो गेला. वय ४९. मागे छोटा कारखाना आणि डोक्यावर कर्ज. चार्ल्स आणि नॉर्टन या मुलांनी तोच कारखाना पुढे रेटला आणि १८६७ मध्ये त्याला ओटिस ब्रदर्स हे नाव दिलं.