विश्लेषण : ‘कियांती’ वाइनचे सूत्र ठरवणारे इटलीचे पंतप्रधान कोण होते?

इटालियन जेवणासोबत हमखास मागवली जाणारी रेड वाइन म्हणजे टस्कनी प्रांतातील ‘कियांती’. ती बहुतेकदा एकाच द्राक्षाची नसते, अनेक जातींच्या मिश्रणातून तयार होते. हे मिश्रण बेत्तिनो रिकासोली या राजकारण्याने ठरवले. त्यांच्या पश्चात सूत्राचा कायदा झाला, पण सूत्रातील एक महत्त्वाची अट त्यात हरवली.

कर्जबाजारी वाड्याचा वारस

रिकासोली यांचा जन्म ९ मार्च १८०९ रोजी फ्लोरेन्समधील जमीनदार घराण्यात झाला. ब्रोलिओचा किल्ला आणि भोवतालची शेती बाराव्या शतकापासून घराण्याकडे होती; सोबत कर्जही होते. आई-वडिलांचे छत्र लवकर हरपले. अठराव्या वर्षीच त्यांना कायद्याने सज्ञान ठरवून धाकट्या भावांची आणि मालमत्तेची जबाबदारी सोपवण्यात आली. कर्ज फेडायचे तर द्राक्षमळ्यांतून पैसा यायला हवा होता, आणि त्यासाठी दूरच्या बाजारात टिकेल अशी वाइन हवी होती. शिस्त इतकी करडी की पुढे त्यांना ‘पोलादी बॅरन’ हेच नाव पडले.

राजकारणात त्यांची उडी मोठी होती. फ्लोरेन्सचे महापौरपद, १८५९ मध्ये टस्कनीची जवळपास सर्व सूत्रे, १८६० मध्ये जनमत घेऊन टस्कनीचे पीडमाँट-सार्डिनिया राज्यात विलीनीकरण. जून १८६१ मध्ये कावूर यांच्या निधनानंतर ते एकीकृत इटलीचे दुसरे पंतप्रधान झाले. १८६६-६७ मध्ये ते पद त्यांच्याकडे पुन्हा आले. दोन्ही वेळा कारकीर्द वर्षभराचीही नव्हती. द्राक्षांवरचे प्रयोग मात्र कित्येक दशके चालले.

सूत्र नेमके काय होते?

१८७२ मध्ये पिसा विद्यापीठातील प्राध्यापक चेझारे स्तुदियाती यांना लिहिलेल्या पत्रात रिकासोली यांनी निष्कर्ष मांडले. सांजोवेझे हे मुख्य काळे द्राक्ष. वाइनचा गंध आणि जोम त्यातून येतो. पण नुसते सांजोवेझे जिभेला कडक लागते, म्हणून ते मऊ करण्यासाठी कानायोलो हे दुसरे काळे द्राक्ष. तिसरे माल्वाझिया, हे पांढरे. त्याने वाइन हलकी होते आणि लवकर पिण्याजोगी बनते. रोजच्या जेवणाच्या वाइनपुरते ते चालेल. वर्षानुवर्षे मुरवायची असेल तर टाळावे, असे त्यांचे मत होते.

अट कशी हरवली?

रिकासोली यांचे निधन २३ ऑक्टोबर १८८० रोजी ब्रोलिओत झाले. नंतर माल्वाझियाच्या बरोबरीने, आणि बऱ्याचदा तिच्या जागी, त्रेब्बियानो हे भरघोस पिकणारे पण चवीला सपक पांढरे द्राक्ष वापरात आले. १९६७ च्या नियमांनी कियांतीत १० ते ३० टक्के पांढरी द्राक्षे सक्तीची केली. रोजची आणि मुरवायची हा भेदच त्यात राहिला नाही. वाइन पातळ झाली, नाव खराब झाले. काही उत्पादकांनी तर ‘कियांती’ हे नाव सोडून साध्या ‘टेबल वाइन’च्या लेबलखाली आपली उत्तम वाइन विकली. अखेर २००६ पासून, जुन्या मूळ पट्ट्यातील ‘कियांती क्लासिको’मध्ये पांढरी द्राक्षे बंद झाली. तिथे आता किमान ८० टक्के सांजोवेझे लागते.

कोणत्या पदार्थांसोबत?

सांजोवेझेत आंबटपणा आणि तुरटपणा दोन्ही चांगलेच असतात. नुसती प्यायला ही वाइन काहीशी रुक्ष वाटते, जेवणाबरोबर खुलते. टोमॅटोच्या रश्श्यापुढे कमी आंबट वाइन फिकी पडते, ही पडत नाही. म्हणून मांसाच्या सॉसमधला पास्ता, टोमॅटो-पावाचे टस्कन सूप आणि पिझ्झा यांच्याशी तिचे जुळते. तुरटपणा मांसातील प्रथिनांशी जोडला जातो आणि तोंडातील तेलकटपणा कमी जाणवतो; त्यामुळे फ्लोरेन्सची निखाऱ्यावर भाजलेली जाड बीफस्टेक, रानडुकराचे मांस आणि मेंढीच्या दुधाचे पेकोरिनो चीज हे तिचे ठरलेले सोबती. नाजूक चवीच्या माशाला मात्र ती दाबून टाकते. रिकासोली यांच्या भेदानुसार पाहिले तर तरुण, हलकी कियांती पास्ता-पिझ्झाला पुरते. मुरलेली बाटली मांसासाठी राखावी.

सांजोवेझे आता महाराष्ट्रातही पिकते. सोलापूर जिल्ह्यातील अकलूज परिसरात त्याचे मळे असून, तिथे ते काबर्ने सोव्हिन्यॉनसोबत मिसळूनही वाइन बनवली जाते.