६० तासांचा एक फोटो

मोबाइल काढला, क्लिक केलं, झाला फोटो! पण मित्रांनो, मे १९५२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात एका फोटोला ६० तासांहून जास्त वेळ लागला होता. समोर होता डीएनएचा केसाहून बारीक धागा आणि त्यावर क्ष-किरणांचा झोत. तो फोटो काढला रेमंड गॉसलिंग या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं आणि त्याची मार्गदर्शक होती रोझालिंड फ्रँकलिन.

रोझालिंडचा जन्म २५ जुलै १९२० चा, लंडनचा. केंब्रिजमध्ये शिकली, कोळशावर पीएचडी केली, मग पॅरिसला जाऊन क्ष-किरणांचं तंत्र शिकली. नमुन्यातल्या अणूंमुळे हे किरण विखुरतात, फिल्मवर ठिपके उमटतात. त्यावरून आतली रचना गणितानं शोधायची. तेही हातानं!

१९५१ मध्ये ती किंग्जला आली. तिची खरी कमाल नमुना तयार करण्यात होती. धाग्याभोवतीचा दमटपणा कमी-जास्त करून तिनं डीएनएची कोरडं आणि ओलं अशी दोन रूपं वेगळी केली. आधी ती एकमेकांत मिसळत आणि चित्राचा घोळ व्हायचा. आता ओल्या रूपाच्या फोटोत ठसठशीत फुली दिसली. ही सर्पिल रचनेची खूण!

जानेवारी १९५३ मध्ये हा फोटो तिच्या नकळत जेम्स वॉटसनला दाखवला गेला. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांचं डीएनएचं मॉडेल छापून आलं. त्याच अंकात तिचाही लेख होता, पण मागच्या पानांवर.

तोवर ती बर्कबेक कॉलेजात तंबाखूवरच्या विषाणूमागे लागली होती. तो आतून पोकळ असतो, हे तिनं दाखवलं. १९५६ मध्ये कॅन्सर झाला, तरी काम चालूच. १६ एप्रिल १९५८ ला ती गेली, अवघ्या ३७ व्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी ब्रसेल्सचं जागतिक प्रदर्शन उघडलं. तिथं तिचं विषाणूचं मॉडेल मांडलेलं होतं. १९६२ चं नोबेल वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना मिळालं.

आज क्ष-किरण लेझर एका विषाणूचं चित्र डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी टिपतो. नमुना मात्र अजूनही तितक्याच निगुतीनं तयार करावा लागतो. तेव्हा प्रॅक्टिकलला कंटाळा आला की रोझालिंडला आठवा. आणि मैत्रिणीची रीडिंग्ज जर्नलमध्ये उतरवलीत, तर तिचं नाव लिहायला विसरू नका!