गणितश्रेष्ठ भास्कराचार्य

शाळेतील मुलामुलींपुढे वर्गसमीकरण येते आणि त्याचे अवयव सहजासहजी पडत नाहीत, तेव्हा भलीभली हुशार मुलेही गोंधळून जातात. अशा वेळी उपयोगी पडणारी एक उत्तम रीत ज्यांच्या ग्रंथामुळे टिकून राहिली, त्या भास्कराचार्यांचे अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहोत.

आचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत. पुढे उतारवयात, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले.

अज्ञात राशी व तिचा वर्ग ही दोन्ही ज्यांत येतात, अशा समीकरणांचा विचार ‘बीजगणिता’तील मध्यमाहरण प्रकरणात आहे. वर्गाच्या गुणकाच्या चौपटीने दोन्ही बाजू गुणाव्यात व दोन्हींत अज्ञाताच्या मूळ गुणकाचा वर्ग मिळवावा, म्हणजे एक बाजू पूर्ण वर्ग होते. समजा, एका संख्येच्या वर्गाची तिप्पट व त्याच संख्येची पाचपट मिळून ७ होतात. येथे अवयव पडत नाहीत. परंतु १२ ने गुणून २५ मिळविले, की संख्येची सहापट अधिक ५ यांचा वर्ग १०९ येतो. मग केवळ वर्गमूळ काढणे उरते. धन राशीस धन व ऋण अशी दोन मुळे असतात, हेही आचार्यांनी सांगितले. दोन उत्तरांपैकी जे उदाहरणास जुळत नाही, ते टाकण्याचा विवेकही त्यांनी शिकविला.

ही रीत मात्र त्यांची स्वतःची नव्हे. ती आपल्यापूर्वी होऊन गेलेल्या श्रीधराचार्यांची असल्याचे त्यांनी नाव घेऊन नमूद केले. श्रीधरांचा बीजगणितावरील ग्रंथ पुढे लुप्त झाला. त्यांचा हा नियम भास्कराचार्यांच्या प्रांजळपणामुळे वाचला.

त्यांच्या घरानेही हा वारसा राखला. पुत्र लक्ष्मीधर यांस यादव राजा जैत्रपाल याने आपल्या पदरी नेले. नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळील पाटण येथे आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठी मठ स्थापिला. तेथील शिलालेख त्याची साक्ष देतो.

विद्या घराण्यात टिकते ती अशी. ज्याच्याकडून शिकलो त्याचे नाव घ्यावे, आणि शिकलेले पुढच्या पिढीच्या हाती द्यावे. एवढे व्रत आमच्या प्रत्येक कुटुंबाने पाळले, तर आचार्यांचे स्मरण सार्थकी लागेल.