महमूद गवान : एका वजिराची अखेर

बीदरच्या चौबाऱ्यावरून किल्ल्याकडे जाताना महमूद गवानचा मदरसा लागतो. लहानपणापासून मी त्या वाटेने येत-जात आलो; पण तो एकुलता मिनार कोणी उभा केला, हे इतिहास विषय घेईपर्यंत मी कधी विचारले नव्हते.

गवान मूळचा इराणातील गीलान प्रांताचा. १४५३ साली तो व्यापारासाठी दाभोळ बंदरात उतरला आणि तेथून बीदरला आला. बहामनी दरबारात त्याच्या विद्वत्तेचे चीज झाले. पुढे दोन अल्पवयीन सुलतानांच्या काळात राजमातेबरोबर त्याने राज्याचा भार वाहिला व १४६६ साली तो मुख्य वजीर झाला. त्याने कोकण जिंकले, १४७२ साली गोवा घेतले. त्याच वर्षी मदरसाही पूर्ण झाला. तेथील ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते, असे सांगतात.

मला मोठे वाटते ते त्याचे राज्यकारभारातले काम. चार तरफांचे त्याने आठ केले, जमिनीची मोजणी करवली आणि प्रत्येक तरफदाराच्या हाती एकच किल्ला ठेवला. त्यामुळे सुलतानाचे बळ वाढले. पण सरदार दुखावले. दख्खनी आणि परदेशी अशा दोन्ही गटांना पदे देऊन तोल राखण्याचा त्याचा प्रयत्नही फुकट गेला.

विरोधकांनी त्याचा शिक्का सांभाळणाऱ्या गुलामाला फितवून कोऱ्या कागदावर शिक्का उमटवून घेतला आणि त्यावर ओरिसाच्या राजाला उद्देशून राजद्रोहाचे पत्र लिहिले. शिक्का आपला, पण मजकूर आपला नव्हे, असे गवानने सांगितले. मद्याच्या अमलाखालील तिसऱ्या मुहम्मदशहाने ते ऐकले नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या या वजिराचा शिरच्छेद झाला. नंतर झडती घेतली, तेव्हा त्याच्या घरी फारसे धन सापडले नाही. सुलतानाला पश्चात्ताप झाला. वर्षभरात तोही वारला. मग राज्याचे तुकडे होत पाच शाह्या उभ्या राहिल्या.

वाचून झाल्यावर मी पुन्हा मदरशापाशी गेलो. औरंगजेबाच्या काळात दारूच्या स्फोटाने इमारतीचा मोठा भाग कोसळला, तरी निळ्या फरशांचे तुकडे अजून चमकतात. गवानने सगळी सत्ता एका सुलतानाच्या हाती एकवटली आणि त्याच हाताने त्याचा घात केला. त्याची बाजू ऐकून घेणारे न्यायासन त्या राज्यात नव्हते. कर्तबगार माणसापेक्षाही न्यायासनाची गरज मोठी असते, हे मला त्या पडक्या भिंतीपाशी उमगले.